फौजी घरी येतो ती फ्लाइट : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

मागच्या अंकात चंदीगड-लेह कुरिअर विमानाबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या. मी एअर फोर्समध्ये ट्रान्सपोर्टच्या बाजूला होतो, विमानात सामान आणि माणसं चढवायचं काम, तर त्यावर इंदूर, महू, ग्वाल्हेर, बडोदा सगळीकडून प्रश्न आले. सगळ्यांचा रोख एकच, की लढाई किंवा फील्डची ड्यूटी संपली की माणूस घरी येतो कसा. म्हणून यावेळचं पूर्ण सदर त्यावरच. गुडघेदुखीवाल्यांनी आणि पेन्शनवाल्यांनी एक महिना सांभाळून घ्या.

प्रश्न (रामबाग, इंदूर): काका, माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ राहतात. त्यांच्या शेजारचे आजोबा व्हिएतनामला लढून आलेले आहेत. ते सांगतात की आम्ही साध्या पॅसेंजर विमानाने घरी आलो, एअर होस्टेस होत्या, ट्रेमध्ये जेवण होतं. मला काही हे पटेना, लढाईच्या जागी एअर होस्टेस कुठून आल्या? म्हातारा फेकतोय का? आणि ते फ्रीडम बर्ड म्हणत होते ते कुठलं विमान?

काका: नाही हो ताई, अजिबात फेकत नाहीयेत. फ्रीडम बर्ड हे कुठल्या मॉडेलचं नाव नाही, घरी नेणारं जे कुठलं विमान असेल त्याला तिकडची पोरं तसं म्हणायची. त्या लढाईत सगळी वर्षं मिळून सत्तावीस लाखांच्या आसपास अमेरिकन माणसं जाऊन आली, एवढ्यांना न्यायला-आणायला हवाई दलाची स्वतःची विमानं कुठून पुरणार, म्हणून सरकारने सरळ खाजगी कंपन्यांची विमानं चार्टर केली. पॅन अ‍ॅम, वर्ल्ड एअरवेज, काँटिनेंटल, ब्रॅनिफ, नॉर्थवेस्ट, फ्लाइंग टायगर अशा कितीतरी कंपन्या त्यात होत्या. विमान बहुतेक बोइंग 707 नाहीतर डीसी-8, आत नेहमीच्या सीटा, खिडक्या, आणि हो, एअर होस्टेससुद्धा. त्या मुलींना म्हणे सेकंड लेफ्टनंटच्या बरोबरीचं कार्ड दिलेलं असायचं, कारण उद्या शत्रूच्या हाती लागल्या तर जिनिव्हा करारातली युद्धकैद्याची वागणूक मिळावी. आपल्याकडे विमानात चहा सांडला तर लोक भांडतात, आणि इथे ही वीस-बावीस वर्षांची मुलगी रॉकेट पडणाऱ्या एअरपोर्टवर उतरून दीडशे पोरांना ज्यूस वाटतेय.

विमान बिएन होआ, तान सोन न्युत, कॅम रान्ह, दा नांग असल्या ठिकाणांहून सुटायचं. जमिनीवर उगाच थांबायचं नाही, येणारे उतरले की जाणारे चढले. उतरणाऱ्या नव्या पोरांचे कपडे कोरे करकरीत आणि चढणाऱ्यांचे उन्हाने विटलेले, आणि दोघं एकमेकांच्या समोरून जायचे. वरिष्ठांनी काही सूचना न देताही चढणारे गप्प असायचे म्हणे. धावपट्टीवरून चाकं उचलली की मग जो काय आरडाओरडा व्हायचा! जवळजवळ प्रत्येक परतलेला माणूस हेच सांगतो, की चाकं उचलेपर्यंत आपण सुटलो यावर विश्वास बसत नव्हता. मग थोड्या वेळाने परत सगळं शांत, बरेचसे झोपलेले.

वाटेत जपान किंवा ग्वाम, वेक, हवाई असल्या बेटांवर कुठेतरी इंधनाचा थांबा आणि मग अमेरिका. पूर्वेकडे जाताना तारखेची रेषा ओलांडायची असते त्यामुळे सोमवारी निघालेला माणूस घड्याळाप्रमाणे सोमवारीच पोचतो, गेलेला दिवस परत हातात. एक मोठा लोंढा कॅलिफोर्नियात ट्रॅव्हिसला उतरून ओकलंडच्या लष्करी तळावर जायचा, दुसरा वॉशिंग्टन राज्यात मॅककॉर्डला. तुमचे आजोबा सिअ‍ॅटलकडचे म्हणजे बहुधा मॅककॉर्ड आणि शेजारचं फोर्ट लुईस. तिथे रात्र असो की दिवस, नवा युनिफॉर्म शिवून तयार, मोठा स्टेकचा तुकडा जेवायला, कागदांवर सह्या, ज्याची नोकरी संपली त्याच्या हातात पैसे आणि जा बाबा घरी. त्यांना एकदा विचारा की स्टेक खाल्ला का, बघा कसे खुलतात ते.

प्रश्न (भंवरकुआँ, इंदूर, फौजेत अधिकारी व्हायच्या सीडीएस परीक्षेची तयारी करतोय): सर, वाचलं की व्हिएतनामात प्रत्येक सैनिकाला फिक्स 12 महिने असायचे. ही सिस्टीम तर चांगलीच वाटते, तारीख माहीत आहे, तेवढे दिवस काढले की घर. मग तिच्यावर एवढी टीका का?

काका: बेटा, कागदावर चांगलीच आहे. आर्मीला 12 महिने, मरीन्सना 13. परतीच्या तारखेला ते डेरॉस म्हणायचे आणि आपली डेरॉस ज्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येत नाही असा एकही पोरगा सापडला नसता. शेवटचे महिने-दोन महिने राहिले की कागदावर एक चित्र काढायचं, त्याचे नंबर टाकून तुकडे पाडायचे आणि रोज एक तुकडा रंगवायचा. चित्र हेल्मेटचं, बुटाचं, बऱ्याचदा बाईचं, ते जाऊ दे, मासिक घरातली मुलंही वाचतात.

आता गोम अशी की तारीख पलटणीची नव्हती, प्रत्येक माणसाची वेगळी होती. म्हणजे तू एकटा तिथे जायचास, अनोळखी लोकांत पडायचास, वर्षभरात त्यांच्याशी जिवाभावाची दोस्ती व्हायची आणि मग एक दिवस तुझी तारीख आली म्हणून तू एकटा निघायचास आणि ती दोस्त मंडळी तिथेच जंगलात. विमानात शेजारच्या सीटवर जो बसलाय तो कुठल्या दुसऱ्याच कंपनीचा, त्याला तुझं काय माहीत. दीड-दोनशे माणसं एका विमानात आणि त्यातला प्रत्येक एकटा. माझं स्पष्ट मत सांगतो, लोक म्हणतात विमान फार फास्ट होतं, परवा जंगलात आणि आज आईच्या स्वयंपाकघरात, म्हणून डोकी फिरली. फास्ट होतं हे खरंच आहे पण मला विमानाचा दोष कमी वाटतो. शेजारच्या सीटवर आपला माणूस नव्हता हा जास्त मोठा घोळ होता.

दुसरं नुकसान लढाईचं. शेवटच्या दिवसांत माणूस जपून राहणार, पुढे होणार नाही, त्याला दोष पण कसा द्यायचा. आणि जो अनुभवाने जरा शहाणा झाला तोच घरी जायचा, त्याच्या जागी परत नवशिका. अधिकाऱ्यांचं तर त्याहून वाईट, त्यांना बऱ्याचदा सहाच महिने फील्डमध्ये कमांड आणि मग ऑफिसची खुर्ची, त्यामुळे जवानांना वाटायचं साहेब येतात आणि जातात. हे सगळं केलं का, तर 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी रिझर्व फौज बोलवायची नाही असं ठरवलं, मग तरुण पोरांची भरती करत राहायचं आणि भार सगळ्यांवर थोडा थोडा वाटायचा.

परीक्षेच्या पुस्तकात सापडणार नाही अशी अजून एक गोष्ट ऐक. 1971 च्या जूनपासून नियम आला की लघवीची तपासणी दिल्याशिवाय घरच्या विमानात चढता येणार नाही. तोपर्यंत तिथे हेरॉइन इतकं स्वस्त आणि शुद्ध मिळत होतं की सरकार घाबरलं होतं. टेस्ट पॉझिटिव्ह आली की थांब इथेच, आधी ती सवय सुटू दे, मग विमान. ऑपरेशनचं नाव गोल्डन फ्लो, आता ते का ठेवलं हे मी काय सांगू. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांची ती सवय घरी गेल्यावर परत लागली नाही, ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी त्यांचा पुढे पाठपुरावा करून अभ्यास केला तेव्हा डॉक्टरलोक पण चकित झाले.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): माझे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते असं घरात सांगतात. युद्ध संपल्यावर त्यांना विमानाने आणलं असेल का?

काका: जवळजवळ नाहीच. जखमी असते तर शक्यता होती, ब्रह्मदेशात डाकोटा विमानं पुढे रसद घेऊन जायची आणि येताना जखमींना घेऊन यायची, हजारो जीव त्यामुळे वाचले. पण धडधाकट शिपाई म्हणजे बोट नाहीतर रेल्वे, आणि त्याआधी वाट बघणं. तेव्हाची हिंदी फौज पंचवीस लाखांची होती, तेवढ्यांना मोकळं करायचं म्हणजे तुम्हीच विचार करा.

वाट बघण्याचा विषय निघालाच आहे तर, गोऱ्यांनाही ती काही चुकली नाही. अमेरिकनांनी पॉइंट ठेवले होते, नोकरीच्या दर महिन्याला एक, परदेशातल्या दर महिन्याला आणखी एक, मोहिमेचे आणि मेडलचे पाच-पाच, घरी मूल असेल तर एका मुलाचे बारा, तीन मुलांपर्यंत. 85 झाले की घरी. म्हणजे तीन लेकरांचा बाप 36 पॉइंट घेऊनच बसलेला! तरी 1946 च्या जानेवारीत मनिलात त्यांची हजारो पोरं आम्हाला घरी पाठवा म्हणत रस्त्यावर आली. आणि त्याच महिन्यात आपल्याकडे कराचीच्या ड्रिग रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या, म्हणजे आरएएफच्या माणसांनी चक्क संप केला, जहाजं नाहीत जहाजं नाहीत हे ऐकून कान किटले होते त्यांचे. ते लोण कानपूरला, सिलोनला, सिंगापूरला गेलं. पुढच्याच महिन्यात, 18 फेब्रुवारीला, मुंबईत आपल्या नौदलाचा उठाव झाला, त्याची कारणं वेगळी आणि खोल होती, पण साहेबाचीच माणसं काम बंद करून बसलेली आपल्या पोरांनी पाहिली होती हेही ध्यानात ठेवा.

पणजोबांचे डिस्चार्जचे कागद घरात असतील तर त्यावर सुटकेची तारीख आणि सेंटर लिहिलेलं असतं. तो कागद लॅमिनेट मात्र करू नका, जुना कागद त्यात खराब होतो.

प्रश्न (महू): काका नमस्कार. माझे मिस्टर इन्फन्ट्रीमधून रिटायर झालेत. ते सियाचीनहून आले होते ती सुट्टी मला अजून आठवते. मालवा एक्सप्रेसमधून उतरले, रंग काळाठिक्कर, ओठ फुटलेले, गालफडं बसलेली. चार दिवस नुसते झोपले, मुलाने हाक मारली तरी लक्ष नाही, जेवण निम्मं टाकायचे, एक गोष्ट सांगायला घेतली की मधेच थांबायचे. सासूबाईंना वाटलं बायकोवर रुसलाय. मला वाटलं माझंच काही चुकलं. आता इतक्या वर्षांनी विचारते, असं का होतं? आणि पाठवणारे लोक याची काही काळजी घेतात की नाही?

काका: ताई, तुमचं काही चुकलं नव्हतं आणि ते रुसलेही नव्हते. उंचीवर, म्हणजे अठरा-वीस हजार फुटांच्या पोस्टवर, साधारण तीन महिने काढलेल्या माणसाची भूक मरते, झोप लागत नाही, वजन उतरतं, बोलताना शब्द सापडत नाहीत, विसरायला होतं. ऑक्सिजन कमी असला की मेंदू तेवढाच चालतो. खाली आलं की हळूहळू भरून येतं, पण हळूहळू. वर जाताना टप्प्याटप्प्याने थांबवून शरीराला सवय करतात, खाली येताना शरीराला तशी गरज नसते म्हणून भराभर येतो माणूस, आणि मनाला गरज असते की नाही हे त्या काळात कोणी विचारत नव्हतं.

मी त्यांना त्या प्रवासाच्या मधल्या तुकड्यात बघितलंय. पोस्टवरून पायी बेस कॅम्प, तिथून गाडीने थॉइसचा हवाई तळ किंवा लेह आणि मग ट्रान्झिट कॅम्पमध्ये नाव लावून बसायचं. लेहला विमानं पहाटे आणि सकाळी, कारण ऊन चढलं की हवा विरळ होते, वारा सुटतो आणि साडेदहा हजार फुटांच्या त्या धावपट्टीवरून भरलेलं विमान उचलणं अवघड होतं. म्हणून प्रत्येकाला काट्यावर उभं करायचं, सामानासकट. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने नंबर आणि नाव, वर होल्डॉल, आणि हातात जर्दाळूची पिशवी, ती मात्र कोणी लगेजमध्ये द्यायला तयार नसायचं. काट्यावर उभं राहिलेल्या माणसाचं वजन वाचून आपल्यालाच कसंतरी व्हायचं. एएन-32 या आमच्या मालवाहू विमानात सीटा म्हणजे दोन्ही बाजूंना लावलेली पट्ट्यांची बाकं, एकमेकांकडे तोंड करून बसायचं, मध्ये सामान जाळीने बांधलेलं, इंजिनाचा आवाज इतका की कानात कापूस. बोलायची सोयच नाही. अंगाला रॉकेलचा वास, कारण वर बंकरमध्ये स्टोव्ह अखंड पेटलेला असतो. तासाभरात चंदीगड, दार उघडलं की मैदानी गरम हवेचा झोत आत यायचा आणि बरेच जण तसेच दारात क्षणभर उभे राहायचे. मागून कोणीतरी ओरडायचं, चलो भई आगे चलो. बहुतेक वेळा ते ओरडणं माझंच असायचं, मला पुढची खेप भरायची घाई.

आता काळजीचं. आपल्या फौजेची एक गोष्ट मला त्या अमेरिकन पद्धतीपेक्षा कितीतरी बरी वाटते, आपल्याकडे पलटण जाते आणि पलटण येते. सुट्टीवर माणूस एकटा येत असेल पण फील्डची मुदत संपली की अख्खी बटालियन मिलिटरी स्पेशल गाडीने पीस स्टेशनला, म्हणजे शांत भागातल्या छावणीला जाते, तीच माणसं, तेच सुभेदारसाहेब, तोच लंगर, तेच संध्याकाळचं मंदिर. ती दोन-तीन दिवसांची रेल्वे, डब्यात पत्ते कुटणं आणि गेलेल्यांची नावं काढणं, हेच औषध आहे. तुमच्या मिस्टरांना ते औषध नंतर मिळालं असेल, पण तुमच्याकडे आले तेव्हा ते सुट्टीवर एकटे आले होते.

परदेशात हे शहाणपण फार उशिरा आलं. 1982 च्या फॉकलंड लढाईनंतर ब्रिटिशांचे मरीन्स कॅनबेरा जहाजाने साउथॅम्प्टनला आले, दोन आठवडे एकत्र, समुद्र बघत, बडबड करत, भांडत. पॅराशूट रेजिमेंटवाले असेन्शन बेटापर्यंत जहाजाने आणि पुढे विमानाने घरी. मन मोकळं करायला कोणाला जास्त वेळ मिळाला, ही तुलना पुढे खूप चघळली गेली. मग इराक-अफगाणिस्तानच्या वेळी त्यांनी घरी नेण्याआधी पलटणीला सायप्रसला उतरवायला सुरुवात केली, एक-दीड दिवस, समुद्रात डुंबा, बार्बेक्यू खा, बीअर मोजून, आणि मनाच्या डॉक्टरांचं एखादं भाषण ऐका. कॅनडावाल्यांनी त्याहून जास्त दिवस ठेवले. पोरं आधी वैतागतात की सरळ घरी का नाही नेत, ते साहजिकच आहे. आणि व्हिएतनामवाल्यांच्या त्रासाला डॉक्टरांच्या अधिकृत यादीत पीटीएसडी (आघातानंतरचा मनाचा आजार) हे नाव मिळालं ते 1980 मध्ये, म्हणजे शेवटची लढाऊ फौज 29 मार्च 1973 ला निघाली त्यानंतर सात वर्षांनी.

मिस्टरांना एकदा निवांत विचारून बघा त्या प्रवासाबद्दल, पोस्टबद्दल नको, प्रवासाबद्दल. ट्रान्झिट कॅम्पात किती दिवस अडकले, शेजारी कोण होतं. तिथून बरेच जण बोलायला लागतात.

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा): घरी परत येणारं असं विमान कधी पडलंय का? विचारू नये पण विचारते.

काका: विचारायला काय हरकत आहे. हो, पडलंय. 12 डिसेंबर 1985, कॅनडातलं गँडर. अमेरिकेच्या 101 एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक इजिप्तमधल्या सिनाईतली शांतिसेनेची ड्यूटी करून नाताळसाठी घरी निघाले होते, कैरोहून कोलोन, तिथून गँडरला इंधन आणि पुढे केंटकीतलं फोर्ट कॅम्पबेल. अ‍ॅरो एअरचं चार्टर डीसी-8. उडालं आणि लगेच कोसळलं, 248 सैनिक आणि 8 कर्मचारी, कोणीही वाचलं नाही. तिकडे बँडबाजा लावून कुटुंबं जमायला लागलेली. चौकशी मंडळातल्या बहुमताने पंखावरच्या बर्फाकडे बोट दाखवलं, बाकीच्यांना ते मान्य नव्हतं, विमानातच आग किंवा स्फोट झाला असावा असं त्यांचं म्हणणं.

आपल्याकडचं लोक सांगतात ते 7 फेब्रुवारी 1968 चं एएन-12, पण ते घरी येणारं नव्हतं, चंदीगडहून लेहला चाललं होतं, हवा बिघडली म्हणून परत फिरलं आणि रोहतांगच्या बाजूला गायब. 102 माणसं. त्यात सुट्टी संपवून निघालेले असणारच. 2003 मध्ये गिर्यारोहकांना बर्फात पहिल्या खुणा सापडल्या आणि 2024 मध्ये सुद्धा चार देह मिळाले, छप्पन्न वर्षांनी. आम्ही नोकरीत होतो तेव्हा त्या विमानाचं नाव कोणी घेत नसे.

प्रश्न (इयत्ता आठवी, इंदूर): काका, फौजी विमानात जेवायला काय देतात?

काका: बाळा, आमच्या एएन-32 मध्ये काहीच नाही. खिशात पुरी-भाजीचं पाकीट असेल तर ते, आणि ते पण उतरल्यावर खायचं, कारण आत बऱ्याच जणांना उलटी होते. बाथरूम पण धड नसते हे आईला सांगू नको, तू एनडीएला जायचा हट्ट सोडावास म्हणून मी असं लिहिलं असं तिला वाटेल.

प्रश्न (स्नेहलतागंज, इंदूर): तुम्ही लोक अमेरिकेचं कौतुक फार करता. आपल्या जवानांचं कोणी स्वागत केलं का, ते लिहा की. मी स्वतः श्रीलंकेत होतो.

काका: साहेब, सॅल्यूट. कौतुक नव्हतं ते, पण तुमचा राग रास्त आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपली शांतिसेना 1987 च्या जुलैअखेर श्रीलंकेत गेली, जाताना विमानांची रांग लागली होती, आयएल-76, एएन-12, एएन-32 सगळी. बाराशेच्या आसपास जवान तिथे कामी आले. शेवटची तुकडी 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून जहाजाने निघून मद्रासला आली आणि तिथले मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला आले नाहीत, तमिळांवर चाल करून गेलेल्या फौजेचं स्वागत मी करणार नाही हे त्यांनी उघड सांगितलं. राजकारण त्यांच्या जागी असेल, पण जवानाने स्वतःहून कुठे ठरवलं होतं जायचं? बंदरावर उतरलेल्या माणसाला हे पेपरात वाचायला लागलं.

अमेरिकेतलं एक मात्र खरोखर घेण्यासारखं आहे आणि ते सरकारने केलेलं नाही. मेन राज्यात बँगर नावाचं छोटं शहर, तिथल्या एअरपोर्टवर आखातातून येणारी विमानं इंधनासाठी थांबतात. 1991 पासून गावातली म्हातारी माणसं रात्री दोन वाजता असो की पहाटे, गेटपाशी रांगेत उभी राहून प्रत्येक जवानाशी हात मिळवतात, बिस्किटं देतात आणि घरी फोन लावायला मोबाइल फुकट देतात. त्यांच्यातले बरेच जण स्वतः जुने सैनिक, आपल्या वेळी हे झालं नाही म्हणून आलेले. आपल्या इंदूरला स्वच्छतेत एक नंबर यायची एवढी हौस आहे, महू स्टेशनवर मालवा एक्सप्रेस जम्मूकडून येते तेव्हा दहा रिटायर्ड माणसं चहाची किटली घेऊन उभी राहिली तर काय बिघडेल? मी यायला तयार आहे, फक्त गाडी लेट असली तर कोणीतरी आधी फोन करा.

आणि येण्याचा मार्ग कसा आहे यावर जीव अवलंबून असतो हे पण बघा. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात सीआरपीएफचे 40 जवान मारले गेले, तो काफिला जम्मूहून श्रीनगरला चालला होता, अडीच हजारांवर माणसं, त्यातले कितीतरी सुट्टीवरून परतणारे, बर्फामुळे रस्ता बंद म्हणून अडकून पडलेले. आठवड्याभरात सरकारने केंद्रीय दलांच्या सगळ्या दर्जाच्या जवानांना दिल्ली-श्रीनगर आणि जम्मू-श्रीनगर विमानाने जायची-यायची परवानगी दिली, सुट्टीचा प्रवास धरून. त्याआधी शिपायाला ती मुभा नव्हती. सीआरपीएफ जन्मली आपल्याच भागात, नीमचला, 1939 मध्ये. तिथल्या एखाद्या घरी जाऊन सांगून बघा की परवानगी आठवड्याने आली.

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): मुलगा पहिल्यांदाच लडाखहून दोन वर्षांची फील्ड पोस्टिंग संपवून येतोय. लेहहून फ्लाइट, मग दिल्ली, मग इंदूर. आम्ही एअरपोर्टवर ढोल, हार, सगळे नातेवाईक आणि दुसऱ्या दिवशी सत्यनारायण असं ठरवलंय. त्याचे बाबा म्हणतात ढोल नको. तुम्ही सांगा.

काका: बाबांचं ऐका. निदान आधी मुलाला विचारा, आणि फोनवर तो काहीही चालेल म्हणाला तर त्याचा अर्थ नको असाच धरा. एअरपोर्टवर तुम्ही दोघं आणि फार तर बहीण, बास. ढोलाचं म्हणाल तर काहींना अचानक मोठा आवाज सहन होत नाही, त्याला होतो की नाही हे तो येईपर्यंत तुम्हाला कळणार नाही, त्याला स्वतःलाही कळलेलं नसतं. घरी नेऊन आंघोळीला भरपूर गरम पाणी, साधा वरणभात, आणि झोपू द्या. मामा-काकांना चौथ्या दिवशी बोलवा आणि त्यांना आधीच दम देऊन ठेवा की तू किती मारले, तिकडे खरं काय चाललंय, असले प्रश्न नकोत. हल्ली ते व्हॉट्सअ‍ॅपवाले काका सगळ्यांच्या घरात असतात. मित्र मात्र येऊ द्या, विशेषतः युनिटमधला कोणी जवळपास, देवास-उज्जैनकडे असेल तर त्याला जेवायला बोलवा, दोघांना गच्चीवर सोडून द्या आणि मधेमधे चहा घेऊन जाऊ नका.

सत्यनारायण जरूर करा पण दुसऱ्याच दिवशी नको. लेहची फ्लाइट ढग आले तरी रद्द होते, वारा सुटला तरी होते, कधी कधी विमान वर येऊन घिरट्या घालतं आणि न उतरताच परत जातं. मग सगळी माणसं दुसऱ्या दिवसाच्या यादीत, दिल्लीची पुढची फ्लाइट चुकली, तिकिटाचे पैसे गेले. त्यामुळे दिल्ली-इंदूरचं तिकीट काढताना मधे निदान एक रात्र ठेवा, बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच घ्या. पूजा पुढच्या आठवड्यात धरा, आणि गुरुजींना सांगून ठेवा की तारीख अजून एकदा हलू शकते, श्रावण असेल तर ते कुरकुर करतील पण ऐकतील.

पुढच्या महिन्यात परत पेन्शन, गुडघे आणि पासबुकं. पत्रावर पिनकोड लिहा.